कंपनी रनर नामदेव जाधव

स्मरणिकेतला हा विभाग आपल्या भागातल्या निवृत्त सैनिकांसाठी आहे. विषय वाटले गेले तेव्हा 'सिग्नल्सवाले' माझ्या वाट्याला आले. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणजे तारांचं काम मला कळणार, असा संपादक मंडळाचा हिशोब. तो थोडा विनोदी आहे, पण अगदीच चुकीचा नाही.

मावळात फौजेचा माणूस शोधावा लागत नाही. लोणावळ्यात आयएनएस शिवाजी, देहूरोडला लष्कराचा डेपो, पुढे खडकीला बॉम्बे सॅपर्स. आपल्या वर्गातही निम्म्यांच्या घरी कुणी ना कुणी काका-मामा सैन्यात होते. त्यात सिग्नल्सवाल्यांची ओळख मात्र कायम अर्धवट राहिली. आमच्या एका वर्गमैत्रिणीचे वडील सिग्नल्समध्ये लाइनमन होते. एकदा प्रजासत्ताक दिनाला ते शाळेत आले. मुलांनी विचारलं की किती शत्रू मारले. ते म्हणाले, मी तारा टाकायचो, तुटल्या की रात्री जाऊन जोडायचो. मुलांचा चेहरा पडला आणि पुढचा प्रश्न रणगाडावाल्या काकांना गेला.

सिग्नल्स ही स्वतंत्र शाखा 15 फेब्रुवारी 1911 ला उभी राहिली. त्याआधी संदेशांचं बरंचसं काम सॅपर्स म्हणजे इंजिनिअर पलटणींकडे असे. (गंमत म्हणजे आयएनएस शिवाजीची स्थापनाही 15 फेब्रुवारीचीच, 1945 ची.) 'तीव्र चौकस' हे त्यांचं ब्रीद. पण या शाखेच्या तारा साधारण बटालियनच्या मुख्यालयापर्यंत पोहोचायच्या. तिथून पुढे कंपनीपर्यंत बटालियनचे स्वतःचे सिग्नलर, आणि तेही संपले की एक माणूस. त्याला रनर म्हणत. चिठ्ठी किंवा तोंडी निरोप घेऊन गोळीबारातून पळत जाणारा. ज्याला आम्ही आमच्या धंद्यात शेवटची जोडणी म्हणतो, ती त्या काळी दोन पायांवर चालायची.

असाच एक रनर आपल्या महाराष्ट्रातला, आणि त्याच्या नावापुढे व्हिक्टोरिया क्रॉस आहे. नामदेव जाधव. जन्म 18 नोव्हेंबर 1921, गाव निमज, तालुका संगमनेर. ते सिग्नल्स शाखेचे नव्हते, पायदळाचे होते. पण त्यांचं काम निरोपाचं होतं, म्हणून त्यांना या विभागात हक्काची जागा आहे असं मी मानते.

जाधव पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये शिपाई होते. ही बटालियन आठव्या भारतीय डिव्हिजनबरोबर 1943 पासून इटलीत लढत होती. दक्षिणेकडून वर, एकामागून एक नद्या ओलांडत. इटलीची ती लढाई म्हणजे नद्यांचीच लढाई. 1945 च्या वसंतात वाट अडवून बसली होती ती सेनिओ.

नकाशावर सेनिओ बघितली तर हसू येतं. पात्र जेमतेम 15 फुटांचं, पाणी 4 ते 5 फूट. उन्हाळ्यातली आपली इंद्रायणी आठवा. पण सपाट मुलखात पुराचं पाणी अडवायला दोन्ही काठांना बांध घातलेले, 30 ते 35 फूट उंच, म्हणजे तीनमजली इमारतीएवढे आणि जवळजवळ उभे. जर्मनांनी दोन्ही बांध आतून पोखरून खंदक आणि मशीनगनची ठाणी केली होती. पूर्वेच्या बांधावर, नदीच्या बाजूच्या उतारावर, त्या ठाण्यांच्या वर सुरुंगांचा पट्टा होता. हल्ला पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणार होता. म्हणजे बांध चढून पलीकडे उतरलेल्या माणसाच्या समोर शत्रू आणि पाठीशीही शत्रू.

9 एप्रिल 1945. दुपारी विमानांनी बॉम्ब टाकले, मग तोफा सुरू झाल्या. त्या मध्येच थांबत आणि पुन्हा सुरू होत, म्हणजे खरा हल्ला कधी येणार ते शत्रूला कळू नये. संध्याकाळी सान पोलितोच्या उत्तरेला मराठ्यांची एक कंपनी पूर्वेच्या बांधावर गेली. तिच्या मागून तीनच मिनिटांनी दुसरी कंपनी येऊन पश्चिमेचा बांध घेणार होती.

या तीन मिनिटांपाशी मी दर वेळी अडखळते. मागच्याला पुढच्याची खबर मिळाली नाही तर काय होतं, हे आमच्या कामात रोज दिसतं. आमच्याकडे फार तर सर्व्हर बसतो. इथे माणसं पाण्यात एकमेकांवर येणार होती. आणि अशा जागी निरोप पोहोचवायचा कसा? जमिनीवरून ओढलेली तार तोफगोळ्यांनी तुटते. पाठीवरचा बिनतारी संच पाण्यात भिजतो, उंच बांधाआड त्याच्या लहरी अडखळतात. म्हणून कंपनी कमांडरच्या बरोबर रनर असतो. जाधव कमांडरसोबत पुढच्या एका सेक्शनच्या अगदी मागे होते. वय 23.

नदी ओलांडून ही तुकडी पश्चिम काठावर येत असताना पाठीमागच्या बांधातून किमान तीन ठाण्यांनी गोळीबार केला. कमांडर आणि दोन जवान जखमी झाले. बाकीचे सगळे ठार. धड उभे राहिले ते एकटे जाधव.

त्यांनी एका जखमीला उचललं, पाण्यातून नेलं, तो उभा चढ चढून सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित बाजूला पोहोचवलं. मग परत आले आणि दुसऱ्याला तसंच नेलं. दोन्ही खेपांना उखळी तोफा आणि मशीनगन चालू होत्या. इथेच थांबले असते तरी कोणी बोट ठेवलं नसतं. ते तिसऱ्यांदा तो उघडा बांध ओलांडून आत गेले. पहिलं ठाणं टॉमीगनने बंद पाडलं. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. आणखी दोन ठाणी उडवली. मध्ये हातबॉम्ब संपले तेव्हा सरपटत बांधाच्या माथ्यावर गेले, पलीकडच्या साथीदारांकडून आणखी घेतले आणि पुन्हा खाली उतरले.

सन्मानपत्राची हकिगत सांगताना बहुतेक जण इथे थांबतात, कारण मारामारी इथे संपते. मला त्यापुढचा भाग जास्त मोठा वाटतो. पूर्वेचा बांध शांत झाल्यावर जाधव त्या बांधाच्या माथ्यावर उभे राहिले. आडोसा नाही, उखळी मारा चालूच. त्यांनी मराठ्यांची रणगर्जना केली आणि हात हलवून राहिलेल्या सैनिकांना नदीपार बोलावलं. रनरचं काम निरोप पोहोचवण्याचं असतं, आणि वाट मोकळी झाली हा त्या संध्याकाळचा सगळ्यात मोलाचा निरोप होता. कागद नाही, तार नाही, हातात बंदूकही नाही. सिंहगड घेतल्यावर गंजी पेटवून राजगडाला खबर दिल्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. इथे त्या आगीच्या जागी एक जखमी माणूस उभा होता.

दोन्ही कंपन्यांनी काठ धरून ठेवले, बटालियनला पुढे सरकायला जागा मिळाली आणि त्या भागातला जर्मनांचा प्रतिकार अखेर कोसळला. त्याच दिवशी, त्याच नदीवर, त्याच डिव्हिजनच्या अली हैदर या पठाण शिपायालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतलं युद्ध 2 मे रोजी संपलं.

इटलीतच आणखी एका मराठ्याला हा मान मिळाला होता. तो म्हणजे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे. ते 10 जुलै 1944 ला लढता लढता गेले. मोंतोने गावात 2023 साली त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक झालं. जाधव जिवंत परतले, हवालदार झाले, निवृत्त झाले. जिवंत परतलेल्यांची आठवण ठेवणं जरा अवघड जातं, असं माझं निरीक्षण आहे. ते आपल्यातच फिरत असतात, बँकेच्या रांगेत पेन्शनसाठी उभे असतात, आणि कोणी काही विचारत नाही. 2 ऑगस्ट 1984 रोजी पुण्यात जाधव वारले. आपल्या बॅचमधले बहुतेक जण तेव्हा बालवाडीत होतो. लोणावळ्याहून पुणं लोकलने दीड तास.

आता कामाचं. माजी विद्यार्थी मंडळ आपल्या शाळेशी संबंधित सैनिकांची यादी करत आहे, विद्यार्थी आणि पालक दोन्ही. फॉर्ममध्ये नाव, पलटण आणि पदकं असे तीन रकाने आहेत. मी चौथा जोडायला सांगितला आहे, नेमकं काम काय केलं याचा, आणि समितीने तो मान्य केला आहे. लाइनमन, ऑपरेटर, सायफर, डिस्पॅच रायडर, रनर, जे असेल ते लिहा. कुठली लाइन, कुठला संच, किती रात्री, हे आठवत असेल तर तेही. वडील किंवा काका हयात असतील तर याच महिन्यात त्यांच्याजवळ बसून भरून घ्या. निमजला जायचा बेतही ठरतो आहे. तळेगाव, चाकण, नारायणगाव, आळेफाटा करत संगमनेर, सकाळी लवकर निघालो तर एका दिवसात होतं. येणाऱ्यांनी बॅचच्या ग्रुपवर कळवावं.