जामखेडचा ताळेबंद

धाकट्या भावाच्या मुलीला यंदा रुग्णालय व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. घरोघर पेढे देऊन झाल्यावर ती माझ्याकडे येऊन बसली. काका आयुष्यभर बँकेत होते, तेव्हा आरोग्याचं अर्थशास्त्र म्हणजे काय ते काकाच सांगतील, असा तिचा समज. मी व्याख्येच्या भानगडीत पडलो नाही. कपाटातून १९९४ साली निघालेलं एक इंग्रजी पुस्तक काढून तिच्या हातात ठेवलं. पुस्तकाचं नावच जामखेड. लेखक दोघे, डॉ. मेबल आरोळे आणि डॉ. रजनीकांत आरोळे. रजनीकांत आपल्या नगर जिल्ह्यातले, त्यांच्याविषयी आपल्याकडे बरंच लिहिलं-बोललं गेलं आहे. मेबलबाईंविषयी त्या मानाने कमी. मला त्यांना भेटण्याचा योग आला नाही, याची खंत आहे.

बाईंचा जन्म १९३५ सालचा, माहेरचं आडनाव इमॅन्युएल. वडील जबलपूरला ख्रिस्ती धर्मशास्त्राचे प्राध्यापक. मराठी ही काही त्यांच्या घरची भाषा नव्हे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकताना रजनीकांतांची ओळख झाली, १९५९ मध्ये दोघे डॉक्टर झाले आणि १९६० मध्ये लग्न. खेड्यातल्या गरिबांतच काम करायचं, हे लग्नाच्या वेळीच ठरलेलं होतं. १९६२ पासून नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात दोघांनी काम केलं. रुग्णांची रीघ लागायची, नाव झालं. पण बाईंच्या मनात एक हिशेब जुळेना. जुलाबाने सुकलेलं पोर बरं होऊन घरी जाई, तेच पाणी पिई आणि पुन्हा दारात येई. येणारे बहुतेक आजार मुळात टाळता येण्याजोगे होते. रुग्णालय भरलेलं होतं आणि आजूबाजूची गावं होती तशीच होती.

इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९८७ च्या सुमारास मी याच जिल्ह्यातल्या एका शाखेत कर्ज अधिकारी होतो. म्हशीसाठी कर्ज घेतलेल्या एका खातेदाराकडे तपासणीला गेलो, तर दावणीला म्हैस नाही. मुलीला गॅस्ट्रो झाला, शहरात दवाखान्यात ठेवावं लागलं, म्हैस विकून बिल भागवलं, असं त्याने सांगितलं. मी अहवालात शेरा मारला की तारण मालमत्ता परस्पर विकली, कर्ज जाणूनबुजून थकवलं. नियमाने शेरा बरोबर होता. पुढे १९९० मध्ये दहा हजारांपर्यंतची कर्जमाफी आली. जाणूनबुजून थकवणारे तीतून वगळलेले होते. त्या यादीत त्याचं नाव आलं नाही.

बँकेच्या कागदावर आजारपणाला रकानाच नव्हता. वडाळ्याच्या अनुभवानंतर मेबलबाई जे शिकायला गेल्या ते नेमकं हा रकाना मांडायला, असं आता वाटतं.

१९६६ मध्ये आरोळे दांपत्य अमेरिकेला गेलं. क्लीव्हलँडला रुग्णालयीन प्रशिक्षण झालं आणि मग बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी. तिथले त्यांचे प्राध्यापक कार्ल टेलर हिंदुस्थानातच जन्मलेले, पंजाबच्या खेड्यांत संशोधन केलेले. डॉक्टरकीच्या शिक्षणात समोर एक रुग्ण असतो. या शिक्षणात समोर अख्खा तालुका असतो. किती जन्मले, किती गेले, कशाने गेले, त्यातले किती वाचले असते आणि त्याला किती रुपये लागले असते, असे प्रश्न. कोणत्या कामाला डॉक्टर लागतो, कोणत्याला नर्स पुरते आणि कोणतं काम शेजारीणही करू शकते, हाही त्यातलाच प्रश्न. ही पदवी घेऊन अमेरिकेत किंवा मुंबईत बस्तान बसवणं अवघड नव्हतं. १९७० मध्ये ते जामखेडला आले.

जिल्ह्याच्या उत्तरेला प्रवरेचं पाणी, १९५० पासून सहकारी साखर कारखाना. जामखेड आग्नेय टोकाला, बीड-धाराशिवच्या हद्दीवर, पावसाच्या मर्जीवर जगणारं. गुरांच्या दवाखान्याच्या जुन्या इमारतीत काम सुरू झालं. १९७१ मध्ये या भागात हजार बाळं जन्मली तर १७६ वर्षाच्या आत दगावत होती. दोन वर्षांत १९७२ चा दुष्काळ आला. लोक औषध नव्हे, पाणी मागत होते. प्रकल्पाने विंधनविहिरी खोदल्या, त्याही दलित वस्तीत, म्हणजे सवर्णांना पाण्यासाठी तिकडेच यावं लागे!

पहिला बेत फसला, हे बाईंनी पुस्तकात मोकळेपणाने मांडलं आहे. गावोगाव शिकलेल्या नर्स ठेवायच्या असं ठरलं होतं. बाहेरून आलेल्या एकट्या बाईला गावात राहणं जड जाई आणि गावही तिचं ऐकेना. मग गावानेच आपली एक बाई निवडायची, असा मार्ग निघाला. निवडल्या गेलेल्या बहुतेक निरक्षर. कोणी विधवा, कोणी नवऱ्याने टाकलेली, पुष्कळशा दलित. आठवड्याला त्या जामखेडला येत, मुक्काम करत आणि शिकत. नाळ कशी कापायची, बाळाचं वजन कसं घ्यायचं, कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखायचा, जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी किती आणि कसं पाजायचं. पण आधी शिकायचं होतं ते एकमेकींजवळ बसायला. त्यासाठी सगळ्यांना पुरेल अशी एकच मोठी गोधडी शिवून घेतली आणि रात्री सगळ्या जातींच्या बाया तिच्याखाली झोपल्या. कोणत्याही विद्यापीठाच्या पुस्तकात हा धडा नसावा.

खर्चाच्या बाजूने पाहा. चिमूटभर मीठ, मूठभर साखर, उकळलेलं पाणी आणि ते वेळेवर पाजणारी शेजारीण. दुसऱ्या बाजूला शहराची एस. टी., सलाईन, बुडालेली मजुरी आणि विकलेली म्हैस. जामखेडच्या रुग्णालयात रुग्णांकडून माफक फी घेत, आणि तिचा हातभार गावातल्या कामाला लागे. बाहेरच्या देणग्याही आल्या, ते कोणी लपवलेलं नाही. पण आकडे बोलू लागले. १९७६ मध्ये बालमृत्यू हजारी ५२ वर आले होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ च्या एका ग्रंथात जामखेडला जागा दिली. १९७८ मध्ये अल्मा-आटा इथे जगातली सरकारं प्राथमिक आरोग्यसेवेवर बोलायला जमली, तेव्हा हे उदाहरण जाणकारांपुढे होतं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे, १९९० मध्ये पद्मभूषण. बाईंनी मध्यंतरी काठमांडूला युनिसेफच्या सल्लागार म्हणूनही काम केलं. १९९९ मध्ये त्या गेल्या. रजनीकांत २०११ मध्ये.

माझा एक आक्षेप आहे, आणि तो बँकवाल्याचा आहे. या हिशेबात बायांच्या वेळेची किंमत कुठे धरली? जामखेडने त्यांना अल्प मानधन दिलं, पुढे बँकांकडून छोटी कर्जं मिळवून दिली, गावात मान मिळाला. तिथे ते चाललं, कारण पाठीशी आरोळे होते आणि दर आठवड्याचं शिक्षण होतं. २००५ पासून सरकारने आशा नेमायला सुरुवात केली. कल्पना याच जातीची, पण मोबदला कामागणिक आणि तुटपुंजा. महाराष्ट्रातल्या आशांना २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये संपावर जावं लागलं. स्वस्त सेवा स्वस्त कोणामुळे होते, हा प्रश्न बाईंनी मोठा संघ मिळाला असता तर कसा सोडवला असता, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

पुतणीला दोन वर्षांनी नोकरी मिळेल. मोठ्या रुग्णालयात खाटांचं आणि खरेदीचं नियोजन, विमा कंपनीत दाव्यांची छाननी, महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनेत कोणत्या शस्त्रक्रियेला किती रक्कम परवडते ते ठरवणं, असली कामं. चांगली कामं आहेत. दर चुकीचा ठरला तर रुग्णालयं योजनेतून अंग काढून घेतात आणि गरिबाची वाट बंद होते, तेव्हा हा हिशेब कोणीतरी नीट केलाच पाहिजे.

आठवड्याने तिने पुस्तक परत आणून दिलं. पानांत रंगीत चिठ्ठ्या घातलेल्या होत्या. म्हशीची गोष्ट मी तिला मधल्या काळात सांगितली होती. चहा घेता घेता तिने विचारलं, त्या खातेदाराची मुलगी वाचली का. मी १९८७ मध्ये ते विचारलंच नव्हतं.