प्लेगची लस करणारे हाफकिन

मार्कंड्यात राहून जीवशास्त्राचे प्रयोग कुठे करायचे, असे तुम्ही मला विचारता. वाल्डेमार हाफकिन यांच्यापाशी तरी काय होते? १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. ते डॉक्टरही नव्हते. १८६० साली ओडेसात जन्मलेले, प्राणिशास्त्र शिकलेले गृहस्थ. तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोक लशीला भीत होते, तेव्हा तिसरे आगाखान यांनी चारचौघांत ती टोचून घेतली व प्रयोगशाळेसाठी आपला बंगलाही दिला. पालकांनी हे मुद्दाम ध्यानात घ्यावे.

पुढची हकिकत सावकाश वाचा. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला, प्रमुखपद गेले. खरा प्रकार असा की, बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला आणि पुरता निर्जंतुक न करताच तो वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे तुम्ही शिकलाच आहात. घरी शिळ्या भाकरीवर बुरशी वाढवून पाहणाऱ्या मुलांना मी आधी हा चिमटा सांगतो, मग भिंग हातात देतो.

१९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले व कलकत्त्यास रुजू झाले. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचे नाव मिळाले; १९३० साली ते लोझान येथे वारले.