मिती 0.63 असू शकते का? ते मोजायला शिकवणाऱ्या हाऊसडॉर्फ यांची गोष्ट

रेषेला एक मिती, कागदाला दोन, डब्याला तीन. शाळेत आपण एवढंच शिकतो. पण मिती अपूर्णांकातही असू शकते, हे फेलिक्स हाऊसडॉर्फ यांनी 1918 साली दाखवलं. रील्समध्ये फिरणारे फ्रॅक्टल पाहिलेत ना? त्यांची मिती मोजायची पट्टी यांची.

जन्म 8 नोव्हेंबर 1868 चा, तेव्हा प्रशियात असलेल्या ब्रेसलाऊचा. घर ज्यू व्यापाऱ्याचं. लाइपझिगला शिकले, तिथेच शिकवायला लागले. पण माणूस नुसता गणिती नव्हता. पॉल मोंग्रे या टोपणनावाने त्यांनी कविता केल्या, तत्त्वज्ञान लिहिलं आणि द्वंद्वयुद्धाच्या खुळाची खिल्ली उडवणारं नाटकही लिहिलं.

1901 मध्ये लाइपझिगला त्यांच्या प्राध्यापकपदावर मतदान झालं. 22 बाजूने, 7 विरोधात. विरोध गणिताला नव्हता, ज्यू असण्याला होता. डीननी तसा शेराच लिहून ठेवला.

आता त्या 0.63 कडे येऊ. रेषा तिप्पट मोठी केली की तिच्यात मूळच्या 3 रेषा बसतात. चौरसाची बाजू तिप्पट केली की 9 चौरस, घनाची केली की 27. म्हणजे 3 चा पहिला, दुसरा, तिसरा घात. घात हीच मिती.

आता 0 ते 1 मधल्या संख्या 0, 1, 2 एवढेच अंक वापरून, म्हणजे तीनच्या पायात लिहा. त्यातल्या ज्या 1 हा अंक न वापरता लिहिता येतात, तेवढ्याच ठेवा. उरते ती विरळ धूळ, कँटरचा संच. तो तिप्पट केला की त्यात मूळचे फक्त 2 संच बसतात. मग 3 चा कितवा घात 2? साधारण 0.63. रेषेहून कमी, सुट्या बिंदूंहून जास्त!

हाऊसडॉर्फ यांनी याची पक्की व्याख्या दिली. पुढे 1957 मध्ये हंगेरीच्या रेन्यी यांनी पूर्णांक नसलेल्या पायात, उदाहरणार्थ 1.618 च्या पायात, संख्या लिहिण्याचा अभ्यास केला. अशा पायात एकच संख्या अनेक प्रकारे लिहिता येते आणि कोणत्या संख्या एकाच प्रकारे लिहिता येतात, त्यांचा पसारा मोजायला आजही हीच पट्टी लागते. फ्रॅक्टल हा शब्द मात्र 1975 चा, मँडेलब्रो यांचा.

हे सगळं पाहायला हाऊसडॉर्फ नव्हते. 1935 मध्ये ते बॉन विद्यापीठातून निवृत्त झाले, तेव्हा नाझी सत्तेत होते. तरी घरी बसून गणित चालूच. 1938 चा लेख पोलंडमध्ये छापला गेला. 1939 मध्ये अमेरिकेत संशोधनाची जागा मिळते का, ते पाहिलं. मिळाली नाही. सत्तरीतल्या माणसासाठी दारं सहज उघडत नव्हती.

जानेवारी 1942 मध्ये एंडेनिखच्या मठात हलवण्याचा हुकूम आला. बॉनमधल्या ज्यूंना तिथे कोंडलं जायचं आणि पुढे छळछावण्यांकडे धाडलं जायचं. 26 जानेवारीला हाऊसडॉर्फ, पत्नी शार्लोट आणि मेहुणी एडिथ यांनी आयुष्य संपवलं.

मागे राहिली हजारो हस्तलिखित पानं. हान्स बॉनेट या इजिप्तच्या अभ्यासकाने ती जमतील तेवढी सांभाळली. आता ती बॉन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत.