वसईचे संत गोन्सालो गार्सिया आणि मोहावरील विजय

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवी स्मरणिकेत कोणा पुण्यपुरुषाचे चरित्र द्यावे, असा विचार करिता आमचे मन वसईकडे वळले. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील आपली ही वनभूमी कोठे आणि समुद्रकाठची वसई कोठे! तथापि महाराष्ट्राच्या मातीत जन्मून संतपदाचा मान पावलेले संत गोन्सालो गार्सिया तेथलेच होत, आणि म्हणून ते आपलेही आहेत. त्यांनी ख्रिस्तासाठी प्राण दिले हे बहुतेकांस ठाऊक असते. परंतु त्या अखेरच्या दिवसापूर्वी वर्षानुवर्षे त्यांच्या अंतःकरणाची जी परीक्षा चालली होती, तिच्याकडे थोड्यांचेच लक्ष जाते. प्रायश्चित्तकाळात मनन करावयास याहून योग्य चरित्र आम्हांस सुचत नाही.

गोन्सालो यांचा जन्म सन १५५६ च्या सुमारास वसईस झाला. वसई त्या काळी पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. पिता पोर्तुगीज व माता कोकणातली, असे त्यांचे कुळ होते. येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. संत फ्रान्सिस झेवियर यांनी सन १५४९ मध्ये जपानात सुवार्तेचे बीज पेरले होते. त्या शेतात काम करावयास निघालेले फादर सेबॅस्टियन गोन्साल्व्हिस यांच्याबरोबर हा मुलगा सन १५७२ मध्ये जपानास गेला. तेव्हा त्याचे वय अवघे पंधरा-सोळा वर्षांचे होते. जपानी भाषा परक्यास अत्यंत कठीण. पण गोन्सालो यांनी ती अल्पावधीत आत्मसात केली आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून मनोभावे सेवा केली.

त्यांच्या मनात एकच आस होती, ती म्हणजे येशूसंघात प्रवेश मिळावा. ती आस पुरी झाली नाही. येथेच त्यांच्या परीक्षेस आरंभ झाला असे आम्ही समजतो. उघड पापाचा मोह ओळखू येतो व त्याच्याशी झगडताही येते. पण पवित्र इच्छा नाकारली गेली म्हणजे मनात जो सल राहतो, तो फार बेमालूमपणे माणसास देवापासून दूर नेतो. आपली कोणास किंमत नाही, मग आपण तरी का झिजावे, हा विचार किती सेवाभावी माणसांच्या वाटेत आडवा येतो!

गोन्सालो यांनी ते कार्य सोडले व ते व्यापारात शिरले. भाषेचे ज्ञान होते, माणसांची पारख होती. व्यापार भरभराटीस आला आणि पूर्वेकडील बंदरांत त्यांचे नाव झाले. ही दुसरी परीक्षा पहिलीहून कठीण होती. या धंद्यात अधर्म नव्हता. पैसा कष्टाचा होता आणि जगाच्या दृष्टीने जीवनाचे सार्थक झाले होते. अशा वेळी पहिली हाक विसरणे किती सोपे! परंतु भरलेल्या पेढीतही त्यांच्या हृदयाची भूक भागली नाही, आणि ती भूक त्यांनी द्रव्याने बुजविली नाही, हाच त्यांचा मोठेपणा होय.

पुढे ते फिलिपाइन बेटांत मनिला येथे गेले आणि सर्व ऐश्वर्य सोडून संत फ्रान्सिस यांच्या संघात दाखल झाले. तेथेही ते धर्मगुरू झाले नाहीत. साध्या धर्मबंधूचे स्थान त्यांनी आनंदाने पत्करिले. एका दारात नकार मिळाला होता, म्हणून दुसऱ्या दारात त्यांनी मानाची जागा मागितली नाही. जुना सल विरघळल्याची याहून चांगली खूण कोणती?

सन १५९३ मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराने जपानचे सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यांच्याकडे वकिलात पाठविली. तिचे प्रमुख पेद्रो बॉतिस्ता हे फ्रान्सिस्कन धर्मगुरू होते, आणि दुभाषी म्हणून निवड झाली ती गोन्सालो यांची. हिदेयोशी यांनी सन १५८७ मध्येच मिशनऱ्यांविरुद्ध हुकूम काढिला होता. अशा दरबारात बोलण्याचे काम या वसईकराने केले. पूर्वी जी भाषा व्यापारास उपयोगी पडली, तीच आता ईश्वराच्या सेवेस लागली. क्योतो नगरात फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी देऊळ उभारिले, महारोग्यांसाठी रुग्णालय चालविले. आणि दरबारात ज्यांचा शब्द ऐकिला जाई ते गोन्सालो त्या दीनदुबळ्यांच्या सेवेत रमले.

सन १५९६ च्या ऑक्टोबर महिन्यात सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागून फुटले. त्यावरील मालाचा वाद वाढला, परकीय आक्रमणाचा संशय बळावला आणि हिदेयोशी यांचा कोप ख्रिस्ती जनांवर कोसळला. धरपकड झाली. जानेवारी १५९७ मध्ये क्योतो येथे बंदिवानांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला, आणि ऐन हिवाळ्यात त्यांस नागासाकीकडे चालविण्यात आले. निघताना ते २४ होते, वाटेत आणखी दोघांची भर पडली. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय व सतरा प्रापंचिक होते. लुईस इबाराकी हा बालक केवळ बारा वर्षांचा होता. धर्म सोडल्यास प्राण वाचतील, असे त्यास सांगण्यात आले. त्याने ते मानले नाही, असे परंपरा सांगते.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीसही जणांस क्रुसावर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. गोन्सालो त्या वेळी सुमारे चाळीस वर्षांचे होते. त्या वर्षीचा राखेचा बुधवार १९ फेब्रुवारीस, म्हणजे बरोबर चौदा दिवसांनी होता. इतर ख्रिस्ती लोक कपाळी राख लावून क्रुसाची वाट धरणार, तोच हे वीर ती वाट संपवूनही गेले होते. ख्रिस्तसभेने त्यांस सन १६२७ मध्ये धन्यवादित व ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांच्या हस्ते संत म्हणून घोषित केले. वसईजवळील गास येथे त्यांच्या नावाचे देऊळ आहे.

आता आपल्याकडे वळू. आपल्या रानात प्रायश्चित्तकाळ येतो तो पानगळीत, जेव्हा पळस फुलतो आणि पहाटे मोहाची फुले वेचावयास घरेच्या घरे बाहेर पडतात. त्या झाडाचे व मनाच्या ओढीचे नाव एकच असावे, याचे आम्हांस नवल वाटते. तेच फूल वाळवून विकले तर घरात धान्य येते. त्याचीच दारू गाळली तर घरातले धान्य जाते. झाड देवाने दिलेले. बरेवाईट ठरते ते आपल्या हातांत. गडचिरोली जिल्ह्यात सन १९९३ मध्ये दारूबंदी झाली, परंतु कायद्याने हंडी फुटेल, मनाची ओढ कशी तुटेल? ती तुटते केवळ त्याहून मोठ्या प्रेमाने. गोन्सालो यांचे धन, भाषा, चातुर्य ही अशीच देवदत्त फुले होती.

मोह केवळ दारूचाच नसतो. कोणी समितीत घेतले नाही, कोणी शब्दाने दुखविले, म्हणून देवळाची पायरी सोडणारा मनुष्यही मोहातच पडलेला असतो. त्याने उपवास कितीही केले, तरी तो सल जोवर काढिला नाही, तोवर त्याचा उपवास अपुराच होय. या चाळीस दिवसांत प्रत्येकाने मांसाहाराबरोबर एक जुना रुसवाही सोडावा. उपवासाने जे वाचेल ते एखाद्या आजाऱ्याच्या, विधवेच्या दारी पोहोचवावे. आणि आपल्या अंगी जो गुण आहे तो कोणाच्या सेवेस लागत आहे, हे रात्री निजण्यापूर्वी स्वतःस विचारावे.

धर्मग्रामाचा महोत्सव मंडपाने व रोषणाईने शोभतो खरा; पण दुरावलेला एक भाऊ परत वेदीपाशी आला, तर तो देवापुढे शोभेल. संत गोन्सालो आम्हां सर्वांसाठी प्रार्थना करोत.