काचेतला सागर : फिलिप हेन्री गॉस

पांढुर्णा-सौंसरकडील आपल्या विद्यार्थ्यांना समुद्र दूरच. तो घरात आणण्याची वाट ज्यांनी लोकांना दाखविली, त्या फिलिप हेन्री गॉस यांचा जन्म १८१० साली इंग्लंडमधील वूस्टर येथे झाला. वडील लघुचित्रे काढून संसार चालवीत. सतराव्या वर्षी गॉस यांना दूर न्यूफाउंडलंडमध्ये कारकुनी पत्करावी लागली. परंतु तेथेच फावल्या वेळी कीटकांचे निरीक्षण करून ते निसर्गशास्त्राचे अभ्यासक झाले.

१८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. त्यासाठी सागरी जीव गॉस यांनी पुरविले. पुढच्याच वर्षी मत्स्यालयावरील त्यांचा ग्रंथ निघाला. वनस्पती प्राणवायू सोडतात व प्राणी तो घेतात. हा समतोल साधल्यास काचेच्या टाकीतही सागरी जीव जगतात, हे त्यांनी पटवून दिले. गोड्या पाण्यात क्षार मिसळून समुद्रजल करण्याची कृतीही त्यांनी प्रसिद्ध केली.

परंतु या छंदापायी हौशी लोकांनी डेव्हनचे किनारे ओरबाडले. समुद्रफुलांनी बहरलेले खडकांतील खळगे ओस पडले. याचे गॉस यांना फार दुःख झाले. १८८८ साली ते निवर्तले.

आज प्रवाळाचे लहान तुकडे निराळ्या टाकीत वाढवितात. ती टाकी नळांनी मुख्य टाकीच्या जलचक्रास जोडली, की दोहींतील पाण्याचे क्षार व उष्णता सारखी राहते. आणि प्रत्येक नव्या प्रवाळासाठी समुद्र लुटावा लागत नाही. आवड लावणे थोर खरे. परंतु तिला संयमाची जोड हवी, हाच या चरित्राचा बोध होय.