कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर : रंग सुटले, रेषा राहिली

स्मरणिकेत ज्ञातीतील थोर पुरुषांचीच चरित्रे द्यावीत असा आपला प्रघात आहे. यंदा तो मोडीत आहे, त्याबद्दल ज्ञातिबांधवांनी क्षमा करावी. आपल्यापैकी काही घरांतील कर्त्या मुलांच्या नोकऱ्या अलीकडे गेल्या. त्यांचे वडील मजकडे येऊन बसतात; चहा निवून जातो, पण बोलणे पुढे सरकत नाही. त्या घरांसाठी ही हकीकत लिहावी असे मनाने घेतले.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी २० जून १८६९ रोजी झाला. शालेय विद्येत त्यांचे मन रमेना. चित्रे काढणे आणि यंत्रांशी खटपट करणे हेच दोन छंद. वडिलांना हे रुचले नाही. परंतु थोरले बंधू रामूअण्णा यांनी पाठीशी उभे राहून १८८५ साली त्यांस मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत धाडले. तेथे दोन वर्षे गेल्यावर ध्यानात आले की, आपणांस काही रंगांतील भेद ओळखता येत नाही. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणास याहून क्रूर निदान कोणते? रंग सुटले, रेषा मात्र हातात राहिली. यंत्रांच्या आकृती काढावयास रंगांचे काम पडत नाही. लक्ष्मणरावांनी तोच विषय धरला आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते त्याचे शिक्षक झाले. यंत्रविद्येची पदवी त्यांजपाशी नव्हती. ग्रंथ वाचून आणि यंत्रे स्वतः हाताळून त्यांनी ती आत्मसात केली.

पुढे बढतीची वेळ आली, तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला. प्रस्तुत लेखकाचे नावही एकदा बढतीच्या यादीत असेच खाली सरकले होते. त्याने त्या दिवशी अर्ज लिहिला, तो राजीनाम्याचा नव्हे, दोन दिवसांच्या किरकोळ रजेचा! म्हणून लक्ष्मणरावांच्या त्या एका कागदाचे वजन किती होते, ते त्यास चांगले ठाऊक आहे.

अर्थात त्यांनी अंधारात उडी घेतली असे नव्हे. नोकरीत असतानाच ते मुंबईहून सायकली घेऊन बेळगावी पाठवीत. रामूअण्णा त्या विकीत आणि गिऱ्हाइकास चालवावयासही शिकवीत. त्या दुकानाजवळच कडबा कापण्याचे यंत्र तयार होऊ लागले, आणि १९०३ साली लोखंडी नांगर. पण नांगर कोणी घेईना! लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली.

कारखाना कोठे मूळ धरू लागतो, तोच बेळगावच्या नगरपालिकेने नव्या वसाहतीसाठी ती जागा सोडावयास सांगितले. पहिला आघात डोळ्यांनी केला, दुसरा वरिष्ठांनी; हा तिसरा. तोवर लक्ष्मणरावांनी चाळिशी गाठली होती, आणि पदरी कामगारांची कुटुंबे होती. अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज देऊ केले. जमीन कसली, निवडुंगाचे रान आणि सापांची वस्ती! १९१० साली तेथे बिऱ्हाडे येऊन उतरली. आधी रान तोडावयाचे, मग राहावयाचे, मग भट्टी पेटवावयाची. पंचवीस कामगार आणि त्यांच्या घरची माणसे एवढाच त्या किर्लोस्करवाडीचा प्रारंभ. अशा आडरानात रखवालीस माणसे निवडताना शिक्षा भोगून आलेल्यांनाही लक्ष्मणरावांनी काम दिले. ही गोष्ट मला कारखान्याच्या भरभराटीहून मोठी वाटते. ज्याला स्वतःला दोनदा उठवून लावले, तोच दुसऱ्यास बसावयास जागा देतो. त्या घरच्या स्त्रियांनी काय सोसले असेल, याचा हिशेब मात्र कोणत्याही जमाखर्चात सापडत नाही.

१९१४ साली महायुद्ध पेटले. परदेशी नांगर येईनासे झाले, तशी वाडीच्या मालाला मागणी वाढली. पण लोखंड व कोळसा मिळेना. भट्टीत लाकडी कोळसा घालून पाहिला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यांवरील जुन्या तोफा वितळविण्यास दिल्या, आणि त्यांचे नांगर झाले. पुढे पंप, चरक व इतर यंत्रे आली. १९२० मध्ये वाडीहून निघालेले ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र पुतणे शंकरराव चालवीत. पुढे ते ‘किर्लोस्कर’ मासिक होऊन घरोघर पोहोचले, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. जन्मशताब्दीस, १९६९ साली, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. मिरज-पुणे लोहमार्गावरून जाणाऱ्यांस कुंडल रोड नावाचे स्थानक आता दिसणार नाही. त्या फलाटावरील पाटीवर किर्लोस्करवाडी हेच नाव आहे.