रेषांतून उभे राहिलेले गाव

संगणकावर शहराचा त्रिमितीय नकाशा तयार करताना प्रत्येक इमारत जशीच्या तशी उभी करता येत नाही. ड्रोनने टिपलेल्या छायाचित्रांवरून घडवलेल्या एका वाड्याच्या प्रतिरूपात लक्षावधी लहान त्रिकोण असू शकतात. असे हजारो वाडे, बंगले आणि चाळी एकत्र आल्या, की संगणकालाही तो भार पेलवत नाही. म्हणून तपशील गाळावे लागतात. सपाट भिंतीवरचे असंख्य त्रिकोण दोन-चारांत सामावतात. छपराची कड आणि भिंतीचा कोपरा मात्र ढळून चालत नाही. काय गाळावे आणि काय राखावे, हा विवेक यांत्रिक आरेखनाने संगणकाच्या कितीतरी आधी शिकवला होता. तो अंगी बाणवून माळरानावर कारखाना आणि गाव उभे करणारे पुरुष म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

२० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे त्यांचा जन्म झाला. चित्रकलेच्या ओढीने १८८५ मध्ये त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. दोन वर्षांतच त्यांना अंशतः रंगांधळेपणा असल्याचे लक्षात आले आणि चित्रकार होण्याचे स्वप्न संपले. तरुण वयातील हा आघात लहान नव्हता. परंतु रंग दुरावला तरी रेषा उरली होती. लक्ष्मणरावांनी यांत्रिक आरेखनाची कास धरली आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय ते शिकवू लागले.

यांत्रिक आरेखनात वस्तू वरून, समोरून आणि बाजूने कशी दिसते, हे मोजक्या रेषांत मांडतात. रंग, छाया, पृष्ठभागाची झळाळी यांना तेथे थारा नसतो. लांबी, रुंदी, उंची आणि कोन यांत मात्र तिळभर चूक खपत नाही. अशा कागदावरून सुतार लाकडी फर्मा घडवतो, फर्म्यावरून वाळूत साचा उठतो आणि साच्यात बीड ओतले जाते. गाळलेल्या तपशिलाने काही बिघडत नाही; चुकलेल्या मापाने सारे ओतकाम वाया जाते.

बढतीत डावलले गेल्यावर लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. बंधू रामूअण्णांसमवेत बेळगावात सायकलींचे दुकान चालले होतेच. त्यातून कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर आकाराला आला. लोखंडाने जमीन विषारी होईल, या भीतीने शेतकरी नांगराकडे पाठ फिरवीत. पहिले सहा नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. त्यातच नगरपालिकेच्या विस्तारात कारखान्याची जागा गेली.

या बिकट प्रसंगी सातारा परिसरातील औंध संस्थानाचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. ते स्वतः चित्रकार होते. कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळचे ३२ एकर माळरान त्यांनी लक्ष्मणरावांना दिले. निवडुंगाने भरलेल्या, सापांचा वावर असलेल्या त्या जागेवर १० मार्च १९१० रोजी मुहूर्तमेढ रोवली गेली. आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात असलेली किर्लोस्करवाडी ती हीच. गावाच्या आखणीचा भार रामूअण्णांनी उचलला. केवळ कारखाना नव्हे, तर कामगारांची घरे, रस्ते, पाणी आणि स्वच्छता यांचाही विचार झाला. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी पहारेकरी नेमले आणि अस्पृश्यतेला गावात जागा दिली नाही. माणसाच्या भूतकाळातले व जातीतले काय बाजूला सारावे, हेही त्यांनी जणू त्याच दृष्टीने ठरवले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

लक्ष्मणरावांचा हा वारसा आजच्या नकाशाकारालाही उपयोगी पडावा असा आहे. कृष्णेच्या महापुराने २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये सांगलीला वेढले. पूर कोणत्या गल्लीत किती चढेल, हे सांगणाऱ्या नकाशात सज्जाची नक्षी गाळली तरी चालेल. परंतु जोत्याची उंची गाळली, तर नकाशा देखणा राहूनही निरुपयोगी ठरेल. उलट जुन्या वाड्यांच्या नोंदीसाठी नकाशा हवा असेल, तर तीच नक्षी मोलाची. नकाशा कशासाठी हवा, हे ठरल्यावाचून गाळणी करता येत नाही. ही निवड अखेर माणसालाच करावी लागते. रंगांना मुकलेल्या एका तरुणाने ती रेषांच्या साहाय्याने केली आणि उजाड माळावर एक गाव नांदते झाले.